घड्याळाला बांधलेली प्रार्थना

वसईच्या किनारपट्टीवरच्या गास, भुईगाव, नंदाखाल अशा गावांतल्या जुन्या कॅथलिक घरांमध्ये रात्रीच्या जेवणाआधीचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. टीव्ही बंद होतो. बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्याखाली फळी, फळीवर पवित्र मारियेची मूर्ती, एक मेणबत्ती आणि वाडीतलीच चार फुले. आजी माळ हातात घेते, कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना बोटे लावून क्रुसाची खूण करते, आणि जपमाळ सुरू होते. अर्धी प्रार्थना ती म्हणते, उरलेली अर्धी सगळे घर म्हणते. शाळकरी पोरांपैकी एखादा डुलक्या घेतो, कोणी कोपराने ढोसले की जागा होऊन नेमक्या ठिकाणी सूर पकडतो. वीसेक मिनिटांत माळ संपते. शेवटी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे घेतली जातात. शेजारची बाळंतीण, परीक्षेला बसलेली पुतणी, आखातात नोकरीला गेलेला मुलगा, गेल्या महिन्यात वारलेले काका. मग ताटे मांडली जातात.

या माळेत ५९ मणी असतात. त्यांतले सहा प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचे आणि ५३ ‘नमो मरिया’ या मारियेच्या प्रार्थनेचे. दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटाबरोबर येशूच्या किंवा मारियेच्या जीवनातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा असतो. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारसाठी प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडले. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात कधी बायबल उघडून वाचले नसेल, तिच्याही नजरेखालून आठवड्याभरात ख्रिस्ताचे जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचे सगळे चरित्र जाते.

बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की तेच वाक्य पन्नासवेळा म्हणून मिळते काय? नामस्मरण ज्यांच्या घरी आहे त्या मराठी वाचकाला हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. तोंडाला शब्द शोधावे लागत नाहीत, तेव्हा मन मोकळे होते. दिवसभर थकलेल्या माणसाला देवापुढे नवे, सुंदर शब्द जुळवायला लावणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. त्याला तयार शब्द दिले की तो त्यांच्या आधाराने तिथे नुसता बसू शकतो. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या आयुष्यात प्रार्थनेचे जे मोल आहे, त्याचा मोठा भाग या नुसत्या बसण्यात आहे. संकटाच्या वेळी देव सगळ्यांनाच आठवतो. पण काहीही घडलेले नसताना, कंटाळा आलेला असताना, ठरल्या वेळी गुडघे टेकणे ही खरी गोष्ट आहे, आणि ख्रिस्ती परंपरेने पहिल्यापासून भर दिला तो याच सवयीवर.

ही सवय येशूच्याही आधीची. दानिएल बाबेलमध्ये परक्या राजाच्या दरबारात होता, तरी यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा प्रार्थना करत असे, आणि त्यापायी तो सिंहांच्या गुहेत टाकला गेला, ही कथा यहुदी शास्त्रातली. येशूचे पहिले शिष्य यहुदीच होते, त्यामुळे दिवसाचे ठरलेले प्रहर त्यांनी सोबतच आणले. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. नव्या मंडळीने कसे वागावे याच्या सूचना तिच्यात आहेत. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असे ती स्पष्ट सांगते. पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, तेव्हा दिवसा सातवेळा आणि रात्री एकदा असा प्रार्थनेचा क्रम बांधून दिला. मठात त्या वेळी बायबलमधली स्तोत्रे गायली जात. स्तोत्रे एकूण १५०.

पण ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ज्यांना शेत होते, गुरे होती, त्यांनी काय करावे? त्यांनी १५० स्तोत्रांऐवजी १५० वेळा साधी, पाठ असलेली प्रार्थना म्हणावी, मोजायला हाती मणी घ्यावेत, असा प्रघात युरोपात मध्ययुगात पडला, आणि त्यातून आजची जपमाळ घडत गेली. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला चर्चची घंटा वाजवण्याची चालही अशीच शेतकऱ्याला आणि कारागिराला प्रार्थनेत सामील करून घेण्यासाठी रुजली. फ्रेंच चित्रकार मिये याने बटाटे काढता काढता घंटा ऐकून माना खाली घातलेले नवराबायको रंगवले, ते चित्र पॅरिसला आजही पाहायला मिळते. गोव्यात संध्याकाळच्या घंटेनंतर आणि घरातल्या प्रार्थनेनंतर मुले वडीलधाऱ्यांकडे आशीर्वाद मागायला जात, त्याला तिथे ‘बेसांव’ म्हणतात. प्रार्थना आणि घरातली मायेची, मानाची नाती यांची सांगड अशी घातलेली असे.

स्वतः येशूने प्रार्थनेबद्दल जे शिकवले ते फार थोडके आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो त्याचा आशय असा, की लोकांना दिसावे म्हणून चौकात उभे राहू नका, खोलीत जा, दार लावून घ्या, आणि फार बडबडू नका. मग तो एक प्रार्थना देतो. ती सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. तिचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. आधी देवाच्या नावाचा, राज्याचा आणि इच्छेचा विचार येतो. माणसाची मागणी त्यानंतर येते, आणि तीही एका दिवसाच्या भाकरीपुरती. कोठार भरण्याची किंवा मुलाला मोठा पगार मिळण्याची मागणी तिच्यात नाही.

त्यापुढची ओळ सगळ्यांत अवघड. आमच्या अपराधांची क्षमा कर, असे म्हणताना माणूस स्वतःवरच एक अट घालून घेतो, की आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो आहोत. ही अट रोजची आहे. बांधाच्या दीड हातासाठी कोर्टात गेलेले दोन भाऊ एकाच चर्चमध्ये रविवारी हे वाक्य म्हणतात, तेव्हा ते दोघांच्याही घशात अडकते, अडकायलाच हवे. कॅथलिक मिस्साविधीत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ही प्रार्थना म्हटल्यानंतर थोड्याच वेळात शेजारच्या माणसाला शांती देण्याचा भाग येतो. भारतात तिथे बहुधा हात जोडतात. समोर नेमके कोण उभे आहे हे आपल्या हातात नसते. वर्षानुवर्षे धरलेला अबोला त्या एका नमस्काराने सुटल्याची उदाहरणे कोणत्याही धर्मग्रामात जुनी माणसे सांगतात. दरवेळी सुटतोच असे नाही. पण दर रविवारी तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहतो, टाळता येत नाही. प्रार्थनेचा माणसाच्या वागण्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला देण्यासारखे याहून चांगले उत्तर नाही.

घाटावरच्या प्रोटेस्टंट घरांत माळ नसते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांच्या कामाचे मोठे केंद्र बनले. तिथून नगर, सोलापूर, सातारा या भागांत जी मंडळी उभी राहिली, त्यांची रोजची प्रार्थना वेगळ्या वळणाची. घरातले एक माणूस बायबलमधला उतारा वाचते, एखादे गीत होते, मग कोणीतरी डोळे मिटून आपल्या शब्दांत प्रार्थना करते. पाठ केलेले शब्द नाहीत. त्यामुळे घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही कधी ना कधी सगळ्यांसमोर देवाशी बोलावे लागते. सुरुवातीला ती मोठ्यांचीच वाक्ये उचलते. हळूहळू तिच्या प्रार्थनेत तिची शाळा येते, मैत्रीण येते, आजारी पडलेली शेळी येते. मनातले नीट शब्दांत मांडण्याचे हे शिक्षण अनेक पिढ्यांना, विशेषतः बायकांना, या घरगुती उपासनेने दिले.

आणि या प्रार्थनेला सूर दिला तो कवी नारायण वामन टिळक यांनी. कोकणात १८६१ साली जन्मलेले टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांवरचे त्यांचे प्रेम मात्र तसेच राहिले. ख्रिस्तापाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. इंग्रजी चालीवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या गळ्यात बसत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजन, कीर्तन देवळातून थेट उपासनामंदिरात आणले. मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. आजही नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या प्रार्थनासभेत पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने ती गायली जातात, तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला सप्ताह चालू आहे असेच वाटावे. याच्याही जवळजवळ तीनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले होते. नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची ओढ होती आणि त्यांच्या हाती स्वतःचे पुराण नव्हते, ही अडचण त्यांनी जाणली होती. परक्या भाषेत माणूस उपासनेला हजर राहील, पण आपले दुखणे देवाला सांगेल ते घरच्याच भाषेत. हे ज्यांना कळले त्यांचे काम टिकले.

महाराष्ट्रात रोजच्या प्रार्थनेतून काय उभे राहू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे दौंड तालुक्यातल्या केडगावचे मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले ते विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून त्यांनी उपाशी, अनाथ मुली आणि बायका केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार तोंडे होती. त्यांना रोज जेवू घालायचे, लिहायला-वाचायला शिकवायचे, हाताला काम द्यायचे. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राने रमाबाईंवर खोल ठसा उमटवला होता. म्युलर कोणापुढे हात पसरत नसत, गरज प्रार्थनेत मांडत. रमाबाईंनीही तीच रीत धरली.

त्यांनी नुसती प्रार्थना केली असे मात्र कोणी समजू नये. केडगावला विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला, आणि ही कामे मुलीच करत. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींपुढे विशेष प्रार्थनेची गरज मांडली. जूनपर्यंत रोज दोनदा प्रार्थनेला जमणाऱ्यांची संख्या सुमारे साडेपाचशेवर गेली. जूनच्या शेवटी तिथे जी आध्यात्मिक जागृती झाली, रडून केलेली पापकबुली आणि रात्र रात्र चाललेली प्रार्थना, तिची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. तिच्याबद्दल वेगवेगळी मते आहेत. पण त्या मुली कोण होत्या हे विसरून चालणार नाही. कोणाला घरातून हाकललेले, कोणाला दुष्काळात रस्त्यावर सोडलेले. आपल्या तोंडून निघालेला शब्द कोणीतरी ऐकतो आहे, हा अनुभव त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता.

त्यानंतर रमाबाईंनी उरलेली वर्षे एका कामाला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले, तेही अल्पशिक्षित बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

मागितलेले मिळाले नाही तर? हा प्रश्न श्रद्धावंतालाच सर्वांत जास्त छळतो. ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्याचे सोपे उत्तर दिलेले नाही, आणि जे प्रचारक सोपे उत्तर देतात, म्हणजे विश्वास पुरेसा असता तर आजार बरा झाला असता असे आजाऱ्याच्या तोंडावर सांगतात, ते आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचे ओझे ठेवतात. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने पुढचे दुःख टळावे अशी विनवणी केली होती. ते टळले नाही. दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्याच्या तोंडी आला तो २२ व्या स्तोत्राच्या सुरुवातीचा, देवाने टाकल्याचा आक्रोश. स्तोत्रसंहितेत आभार आहेत, स्तुती आहे, तशीच तक्रार आहे, संताप आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला आशेचा शेवट जोडलेला नाही. हजारो वर्षे माणसे ते देवापुढेच म्हणत आली आहेत. म्हणजे देवाशी भांडण हेही प्रार्थनेतच धरले जाते.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कोलकात्यात काम सुरू केल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत त्यांना आतून कोरडेपणा जाणवत होता. देव जवळ असल्याची भावना हरपली होती. तरीही त्यांच्या संस्थेतला दिवस पहाटे पाचच्या आधी सुरू होई आणि पहिला वेळ प्रार्थनेचा आणि मिस्साचा असे. १९७३ पासून भगिनींच्या दिनक्रमात पवित्र संस्कारापुढे, म्हणजे मिस्सातल्या अभिषिक्त भाकरीपुढे, रोज एक तास शांत बसण्याची भर पडली. कामाचे डोंगर समोर असताना हा तास वाढवला गेला, कमी केला गेला नाही. काहीच जाणवत नसतानाही मदर त्या तासाला बसत राहिल्या आणि तिथून उठून मरणपंथाला लागलेल्या माणसाची जखम धूत राहिल्या. भावनेवर अवलंबून असलेली प्रार्थना इतकी वर्षे टिकली नसती. ती वेळेला बांधलेली होती म्हणून टिकली.

स्वयंपाकघरातल्या माणसाचे काय, असे कोणी विचारील. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक अनेक वर्षे मुदपाकखाना सांभाळत होता. भांड्यांच्या आवाजात आणि चार जणांच्या हाकांमध्येही आपण देवाच्या सहवासात राहू शकतो, हे त्याने आपल्या जगण्याने दाखवले, आणि त्याच्या संभाषणांचे आणि पत्रांचे छोटे पुस्तक कॅथलिक, प्रोटेस्टंट दोघेही आजतागायत वाचतात. मराठी ख्रिस्ती घरांतली बाई भाकरी थापताना गीत गुणगुणते, कणकेवर क्रुसाची खूण करते, तेव्हा ती याच वाटेवर असते.

एकट्याची प्रार्थना अशी, तशी गर्दीचीही. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मारियामातेची ठरावीक प्रार्थना, होते, ती ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, मराठी, कोंकणी, हिंदी अशा भाषांत एकामागून एक प्रार्थना होत राहतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, पाळण्यातले बाळ विकायला असते. ज्याचे जे दुखणे, ते मेणात घडवून मातेपुढे ठेवायचे. रांगेत साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या बायकाही मोठ्या संख्येने असतात. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या जुन्या वस्त्यांतले अनेक रस्त्याकडेचे क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळातले. साथीत माणसे पटापट मरत होती, तेव्हा आळीतल्या लोकांनी ते उभारले आणि त्यांच्याभोवती जमून संरक्षण मागितले. मे महिन्यात तिथे आजही दिवे लागतात, सामूहिक प्रार्थना होते. आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया एकच प्रार्थना करतात, ती दरवर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रियांनी लिहिलेली असते. १९२७ पासून चालत आलेल्या या जागतिक प्रार्थना दिनात महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधल्या महिलाही सहभागी होतात.

आता ठरलेली वेळ पाळणे अवघड झाले आहे, हे खरे. विरार लोकलने घरी पोचायला नऊ वाजतात. घरात एक जण रात्रपाळीला, दुसऱ्याची परदेशी कंपनीशी मीटिंग चालू. पोरांच्या हातात फोन. अनेक घरांत जपमाळ ऑक्टोबर या तिच्या खास महिन्यापुरती उरली आहे. धर्मगुरू यावर प्रवचनात तळमळीने बोलतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे, कारण एकत्र प्रार्थना बंद पडली की घरातली माणसे दिवसातून एकदा एका जागी बसण्याचे एक मोठे निमित्त जाते.

पण लोक वाटाही काढतात. काही घरांनी पूर्ण माळेऐवजी दहा मण्यांचा एकच गट ठेवला आहे, तो मात्र चुकवत नाहीत. कोणी लोकलमध्ये खिशातल्या खिशात मणी ओढतो. ऑक्टोबरात वाडीतल्या एका घरातून दुसऱ्या घरी मूर्ती नेतात आणि रोज वेगळ्या घरी सगळी आळी जमते, त्यामुळे वर्षभर एकमेकांच्या उंबऱ्यावर न गेलेली माणसेही जातात. करोनाच्या टाळेबंदीत चर्च बंद होती तेव्हा कित्येक कुटुंबांनी व्हिडिओ कॉलवर जपमाळ सुरू केली. त्यांतली काही अजून चालू आहेत. वसईची आजी, पुण्याची मुलगी, दुबईचा मुलगा, वेळेतला फरक सांभाळून सगळे जमतात. नेट अडखळते, ‘नमो मरिया’चा सूर मागेपुढे होतो. दुबईहून मुलगा दोन दिवस दिसला नाही, तर माळ संपल्यावर आजी नातीला सांगते, “आधी त्याला फोन लाव, मग जेवायला बस.”